मानेवरचा हात

कॉलर

ओळीत पहिली बसायची थोरली. शर्टाची कॉलर शिवायची ती. शिवणाच्या त्या हॉलमध्ये मशिनं अशी धडधडायची की शेजारणीला हाक मारली तरी पोचायची नाही. म्हणून बायकांनी एक खूण ठरवली होती. दारात सुपरवायझर दिसला की थोरलीने मानेवर हात ठेवायचा. ते पाहून मागची आपल्या मानेवर ठेवणार, तिचं पाहून तिच्या मागची. सुपरवायझरला त्या आपसांत मामंजी म्हणत. मामंजी आत येईस्तोवर सगळ्यांच्या माना खाली, हात चालू, जणू जन्मात कधी बोलल्याच नाहीत.

बाही

तिच्या मागे धाकटी, तिची सख्खी जाऊ. सहावा महिना सरत आलेला. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्री त्यांना कुशीवर वळवायचं काम दोघींनी वाटून घेतलं होतं. आता सगळं थोरलीकडेच.

"ताई, आज मी उठते."

"झोप मुकाट्याने. तुला दोघांची झोप घ्यायचीय."

थोरलीची स्वतःची कोण घेणार, ते कोणी विचारलं नाही.

खिसा

या शर्टाला खिसा नाही.

काज

दुपारी थोरलीचा डोळा लागला. मशीनवरच, बसल्या बसल्या. मान लचकली आणि हात आपसूक मानेवर गेला. झालं ते एवढंच.

धाकटीने आपल्या मानेवर हात ठेवून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नाही. पण खूण तर आली, म्हणजे कोणीतरी असणारच. ती शोधायला लागली आणि रिळांच्या कपाटामागे तिला एक बाई उभी दिसली. धाकटी किंचाळली आणि मटकन खाली बसली. मग काजवालीला ती बाई दिसली, पांढऱ्या कपड्यांत. बटणवालीला दिसली, बिनचेहऱ्याची. घटकाभरात निम्मा हॉल आडवा.

उसवण

कंपनीने डॉक्टर आणला. तो म्हणाला, "एकीची भीती दुसरीला लागते, जांभईसारखी. कोणी खोटं बोलत नाही, पण तिथे कोणी नव्हतंही."

"म्हणजे आम्ही वेड्या?" काजवालीने विचारलं.

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हटलं?"

डॉक्टरने पाणी मागितलं.

कंपनीच्या साहेबांना त्यात रस नव्हता. "जिने सुरुवात केली ती उद्यापासून येणार नाही. बोला, कोण?"

सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे गेल्या. तिने पोटावर हात ठेवला. अशा दिवसांत दुसरीकडे कोण उभं करणार होतं तिला?

थोरली उठली. "साहेब, माझी मान..." एवढं बोलली आणि काजवाली जोरात खोकली. बटणवालीने डोळे वटारले. साहेबांच्या शेजारी मामंजी उभा होता. खूण सांगितली असती तर सगळ्या ओळीची उसंत गेली असती.

"तुमची मान काय?"

"काही नाही. मी पाहिली. सगळ्यांत आधी मीच."

साहेबांना कोणीतरी एक हवी होती, मिळाली.

पण बटणवालीला राहवेना. "कशी होती गं?"

रचून सांगायचंही त्राण नव्हतं थोरलीला. "दमलेली," ती म्हणाली. "केस विस्कटलेले. कपाटाला टेकलेली. आता पडते की मग, अशी."

"अगदी अश्शीच!" बिनचेहऱ्याची पाहिलेली बटणवाली म्हणाली.

इस्त्री

दुसऱ्या दिवशी थोरली घरी. सासूबाईंना वळवलं, चारदा. स्वतः आडवी झाली, पण दिवसाची झोप काही येईना. संध्याकाळी धाकटी आली, चपला काढून तिच्या उशाशी टेकली.

"ताई, आज पुन्हा आली ती."

"खूण कोणी केली?"

"कोणीच नाही. तुमची खुर्ची रिकामी ना, सगळ्या तिकडेच बघत होतो. तर तिथेच बसलेली."

"किंचाळलं का कोणी?"

"नाही. आपलीच वाटली."

थोरलीने विचारलं, "काम करत होती?"

"छे. नुसती बसली होती. मामंजी शेजारून गेला तरी हलली नाही."

"बरं झालं," थोरली म्हणाली आणि कुशीवर वळली.