व्हर्नची शेवटची वीस काडतुसं

माझ्या नवऱ्याने, व्हर्नने, जाण्याआधी चार महिने भरलेली वीस काडतुसं ओरिनने माझ्या हातातून काढून घेतली आणि सरळ आपल्या कोटाच्या खिशात घातली. माझ्याच शेडमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत.

"दे इकडे," मी म्हणाले.

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपण उडवत नाही, आर्डिस. हे तुलाही माहीत आहे."

"दुसरा कोण रे? माझा नवरा होता तो!"

"नवरा तुझा होता. हात तुझे नव्हते."

ओरिन आमचा शेजारी, म्हणजे मधे चार मैल गव्हाचं रान. एकाहत्तर वर्षांचा, एकटा, आणि तोंडाचा फटकळ. मीही काही गोड बोलण्यासाठी प्रसिद्ध नाही, म्हणून आमचं चाळीस वर्षं बरं चाललंय.

सतरा वर्षं मी एल्कच्या, म्हणजे इकडच्या मोठ्या सांबराच्या, शिकारीच्या परवान्यासाठी अर्ज करत होते. यंदा सोडतीत नाव निघालं, आणि यंदाच व्हर्न नव्हता. माझी रायफल माझ्या वडिलांची. तिच्या मापाचं काडतूस आता आख्ख्या मोंटानात कुठल्या दुकानात मिळत नाही, ते व्हर्नच घरी भरून द्यायचा. शेवटचा डबा फळीवर होता. त्यावर त्याच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी : कुठली गोळी, कुठलं बारूद, किती वजन, आणि तारीख, एकोणीस मार्च. त्याच्या हातची शेवटची वस्तू म्हणजे ती वीस काडतुसं. तीच घेऊन मला डोंगरात जायचं होतं. बाकी एल्क मिळाला काय, न मिळाला काय.

"असं कर," ओरिन म्हणाला, "तू भरायला शीक. मी शिकवतो. मग ही वीसही आपण उघडून तोलू. चिठ्ठीवर लिहिलंय तसंच आत निघालं, तर मी तुझी माफी मागेन."

"टोपी काढून?"

"टोपी काढून."

ओरिनला टक्कल आहे आणि ते तो पाद्रीबाबांनाही दाखवत नाही, म्हणून मी कबूल झाले.

पहिल्या दिवशी त्याने मला फक्त तोलायला लावलं. चिमूटभर बारूद काट्यावर घालायचं, आकडा वाचायचा, परत डब्यात ओतायचं. तीस वेळा. माझे डोळे पाणावले, पण तो चष्मा काढू देईना. टेबलावर बारुदाचा एकच डबा, दुसरा दिसला की तो आधी फळीवर. वजन पुस्तकात छापलेलं, तेही कमीत कमी आकड्यापासून सुरू, स्वतःची अक्कल चालवायची नाही. फोन घरात ठेवून यायचं.

"आणि भरताना मधे कुणी हाक मारली, शिंक आली, मनात भलतं काही आलं, तर सगळं परत ओतायचं. पहिल्या पितळी पुंगळीपासून सुरुवात."

"शिंकेलासुद्धा?"

"शिंकेलासुद्धा."

"तुझी बायको का पळाली ते आज कळलं मला."

"तिला तोलण्याची सवय नव्हती," ओरिन म्हणाला, आणि हसला.

खरं तर हा नियम मला नवा नव्हता. व्हर्नने शेडचं दार लावलं की मी चाळीस वर्षांत कधी ठोठावलं नव्हतं. सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, बारूद भरून झालं की तो टॉर्च घेऊन एकेकीत डोकावायचा, आणि मगच वर गोळी बसवायचा. खिडकीतून मला तो उजेड हलताना दिसायचा. त्याशिवाय मी जेवण वाढायला घेत नसे.

तिसऱ्या आठवड्यात ओरिनने खिशातून व्हर्नच्या काडतुसांचा डबा काढला. हातोडीसारखं एक पोकळ अवजार असतं. त्यात काडतूस अडकवून ओंडक्यावर ठोकलं की गोळी आणि बारूद सुटून आत पडतं. ठोकायचं मी, तोलायचंही मी. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. अकरा झाली, काटा केसभरही इकडेतिकडे झाला नाही.

"टोपी सैल कर," मी म्हणाले.

बारावं ठोकलं. गोळी पडली. तिच्यामागे काहीच पडलं नाही. मी पुन्हा ठोकलं. ओरिनने पुंगळी घेतली, उजेडाकडे धरली.

"रिकामी आहे," तो म्हणाला.

"मग? उडलं नसतं, एवढंच ना?"

"तळाच्या ठिणगीने गोळी नळीत ढकलली असती आणि तिथेच अडकली असती. फुस्स आवाज आला असता. समोर एल्क, तू घाईत. तू दुसरं घालून चाप ओढला असतास." त्याने पुंगळी माझ्या हातात दिली. "रायफल तुझ्या तोंडावर फुटली असती, आर्डिस."

"व्हर्न असं करणार नाही."

"नाहीच करायचा," ओरिन म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. त्यालाही ते पटत नव्हतं.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. एकोणीस मार्च. आणि मग मला आठवलं. चाळीस वर्षांत एकदाच, त्या दिवशी, मी दार ठोठावलं होतं. ग्रेट फॉल्सहून डॉक्टरांचा फोन आला होता. मी उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, "पसरलंय म्हणतात, व्हर्न." तो म्हणाला, "बरं. एवढं संपवून येतो." अर्ध्या तासाने आला, हात धुतले, दोनदा वाढून घेतलं आणि ॲपल पाय उरलाय का म्हणून विचारलं. नंतरच्या चार महिन्यांतही तेच. मला जवळ घेऊन रडला नाही की एक शब्द बोलला नाही. शेवटच्या दिवशी ट्रकचं ऑइल बदललंस का, एवढंच विचारलं. मला त्याचा राग होता. दफनाहून परतताना मी लेकीला म्हणाले होते, तुझा बाप दगड होता.

आणि इथे माझ्या हातात ती पुंगळी. त्याने भरलेलं परत ओतलं नव्हतं. टॉर्च उचलला नव्हता. कुठपर्यंत भरलं होतं तेच त्याला कळलं नव्हतं.

"घाबरला होता तो," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना. "ओरिन, तो घाबरला होता रे. आणि मी ॲपल पाय कापत बसले."

ओरिनने माझ्या पाठीवर हात ठेवला. असलं त्याला जमत नाही, हात लाकडासारखा होता. मग त्याने उरलेली आठ स्वतः ठोकली, स्वतः तोलली.

"एकोणीस बरोबर," तो म्हणाला. "असा निरोप ऐकल्यावर. मला दोनही जमली नसती." आणि त्याने टोपी काढली.

बारूद त्याने अंगणात गवतावर फेकून दिलं. पुंगळ्या आणि गोळ्या मी ठेवून घेतल्या.

हंगामाच्या आदल्या शनिवारी मी एकटी भरायला बसले. ओरिन बाहेर पायरीवर, कॉफी घेऊन, तोंड बंद. सातव्या पुंगळीला व्हर्न मनात आला. मी सगळं परत ओतलं. पुढच्या वेळी तिसरीलाच आला, मग चौदावीला. प्रत्येक वेळी ओतलं, प्रत्येक वेळी पहिल्यापासून. चौथ्यांदा शेवटपर्यंत गेले. टॉर्च घेऊन एकेकीत डोकावले, गोळ्या बसवल्या, चिठ्ठी लिहिली आणि तारखेखाली माझं नाव घातलं.

ओरिनने आत येऊन डबा उघडला आणि बोटाने मोजलं.

"एक कमी आहे, आर्डिस."

"माहीत आहे," मी म्हणाले. विसावी, व्हर्नची ती, मी खिडकीत उभी केली होती, रिकामीच.