कर्ज फिटलं, कोंबडा राहिला

आमच्या शाळेत खालायी रसायनशास्त्र शिकवते आणि मी इतिहास. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे तिचे निम्मे फोन मला ऐकावेच लागतात. उरलेले निम्मे मी कान देऊन ऐकतो.

फोन बहुतेक खाएंबा काकांचा असतो. खालायीचे वडील वारले तेव्हापासून हे थोरले काका घराचे कारभारी आहेत, आणि कारभार म्हणजे पैसे कोणी द्यायचे हे ठरवणं, अशी त्यांची साधी समजूत आहे. "पोरी, चर्चचं छप्पर गळतंय." "पोरी, त्या अमक्याच्या मयतीला चहासाखर तुझ्याकडून सांगितलीय." अमका कोण हे खालायीला माहीत नसतं, बहुधा काकांनाही नसतं. तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"द्यायची इच्छा खूप आहे हो काका, पण हातात येतंच काय? बोर्डाचं कर्ज कापून घेतात ना."

बोर्ड म्हणजे कॉलेजसाठी कर्ज देणारं सरकारी बोर्ड. पगार हातात पडायच्या आधीच त्याचा हप्ता कापला जातो. आम्ही बाकीचे शिक्षक दर महिन्याला त्या कपातीच्या नावाने बोटं मोडायचो. खालायीला मात्र ती छत्रीसारखी उपयोगी पडत होती. बोर्डाचं नाव काढलं की काकाही गप्प बसत, कारण भांडायला सरकार म्हणजे काही चर्चची वडीलधारी मंडळी नव्हे.

जानेवारीत तिचं कर्ज फिटलं. बोर्डाचं तसं पत्रच आलं. ते पगार खात्याकडे पाठवलं की कपात बंद. मी म्हटलं, आता सगळ्या स्टाफरूमला तळलेली गोड मांडाझी खाऊ घाला. तिने फक्त मलाच घातली, गरमागरम सहा, आणि तीही दार लावून.

"सर, तोंड बंद ठेवायचं."

"तोंडात मांडाझी आहे तोवर बंदच आहे. पण पत्र कधी पाठवताय?"

"नाही पाठवणार. कापू देत."

मला ठसका लागला. तिने शांतपणे समजावलं. जास्तीचे कापलेले पैसे बोर्डाकडे तिच्या नावावर पडून राहणार. डिसेंबरात अर्ज करून सगळे एकदम परत मागायचे आणि शाळेमागचा, अव्होकॅडोचं झाड असलेला जमिनीचा तुकडा घ्यायचा. आज ती खाटकाच्या दुकानामागे भाड्याच्या खोलीत राहते आणि सकाळी करवतीच्या आवाजाने उठते.

"बँकेत ठेवले तर काकांना वास लागतो. बोर्डाच्या दारात जाऊन मागायची त्यांची छाती नाही. आणि मी खोटंही बोलत नाही. कापतात म्हणते, तर कापतातच."

सरकारने पैसे घेऊ नयेत म्हणून भांडणारे लोक मी इतिहासात पोत्याने शिकवले आहेत. सरकारने घेत राहावं म्हणून पत्र दडवून बसणारी ही पहिलीच. पण खरं सांगू? ज्याला आमच्याकडचे काका ठाऊक आहेत त्याला ती वेडी वाटणार नाही.

"आणि आईला तरी सांगितलंत की नाही?" मी विचारलं.

इथे तिचा चेहरा उतरला. कर्ज घेताना जामीन लागत होता. तिने आधी काकांना विचारलं होतं. काका म्हणाले होते, "मुलीच्या जातीसाठी मी माझी गाय डावावर लावू? उद्या लग्न करून जाईल, फेडणार कोण?" मग आई चीफच्या, म्हणजे गावच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कचेरीत गेली आणि चीफसमोर सही करून आली. तिच्याकडेही एकच गाय होती.

"आईला सांगितलं तर माझ्यासाठी तिला काकांसमोर खोटं बोलावं लागेल. ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते, सर. काका काय म्हणतील ते म्हणोत. पण आईला हे दुसरीकडून कळलं, तर मला तिच्यासमोर उभं राहायला तोंड उरणार नाही."

मी मान डोलावली. माझाही थोडा स्वार्थ होता. मला शिक्षकांच्या पतपेढीतून मोटरसायकलसाठी कर्ज हवं होतं आणि त्याला जामीन लागत होता. कर्जमुक्त शिक्षिकेसारखा जामीन शोधून मिळत नाही. अर्ज मी घडी घालून खिशात ठेवला आणि योग्य वेळेची वाट पाहू लागलो.

ऑगस्टच्या सुट्टीत काकांचा फोन आला. त्यांच्या मुलाचं, सितुमाचं, लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांना गायी द्यायच्या होत्या. "शनिवारी सगळे बसतोय. तू ये. आणि पगाराची स्लिप घेऊन ये, म्हणजे तुझं ते कापणं एकदा सगळ्यांसमोर बघूनच टाकू."

फोन ठेवून खालायी चक्क हसली. स्लिपच तर तिला हवी होती. आम्ही सायबर कॅफेत गेलो. नवी स्लिप छापून बाहेर आली, आणि खालायी खुर्चीत बसली.

बोर्डाची ओळच नव्हती. बोर्डाने आपण होऊन पगार खात्याला कळवलं होतं आणि खात्याने ऑगस्टपासून कपात थांबवली होती. ना अर्ज, ना हेलपाटा, ना कोणाच्या हातापाया पडणं. सरकारी कारभार जन्मात एकदा आपणहून हलला, आणि हलला तो नेमका हिच्या मुळावर.

"अभिनंदन करू का?" मी विचारलं.

"जुलैची स्लिप छापा, तिच्यात कापलेलं आहे," ती कॅफेवाल्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही पण चला. परक्या माणसासमोर काका जरा बेताने बोलतात."

मी लगेच हो म्हटलं. तिच्या आईच्या हातच्या कोंबडीची कीर्ती मला ठाऊक होती. शिवाय आमच्या बुकुसू लोकांत कोंबडी कापली की तिचा पोटा, तो कलेजीशेजारचा कडक गोळा, घरातल्या कर्त्या पुरुषाला मिळतो, किंवा मानाच्या पाहुण्याला. बायका तो शिजवतात, खात नाहीत. मी पाहुणा होतो आणि स्वतःला मानाचा समजत होतो.

आम्ही मटाटूने, म्हणजे आमच्याकडच्या वडाप गाडीने, निघालो. खालायी वाटभर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, जणू आत साप आहे.

अंगणात आंब्याखाली बाकं मांडली होती. काका मधोमध, शेजारी नवरदेव सितुमा, भोवती दहाबारा नातेवाईक. स्वयंपाकाच्या झोपडीतून धूर येत होता आणि त्या धुरात कोंबडी शिजत होती, हे मी फाटकातूनच ओळखलं. काकांनी प्रार्थना केली. देवाचे आभार मानता मानता त्यांनी देवाला गायींचा हिशेबही सांगितला. दोन कमी पडत होत्या. आमेन झाल्यावर ते म्हणाले,

"त्यातली एक आपली खालायी देईल. सरकारी नोकरी आहे, नवरा नाही, पोर नाही. खर्च तो काय? चॉक तर शाळा देते."

सगळे हसले. खालायीने पर्सची चेन उघडली. जुलैची स्लिप वरच होती.

एवढ्यात झोपडीच्या दारातून तिच्या आईचा आवाज आला. हातात पळी होती. "तिला कशाला विचारता? तिचं अजून कापतात. माहीत नाही का तुम्हाला?"

"तेच तर बघायचंय," काका म्हणाले.

"मी सांगतेय ना. मग बघायचं काय राहिलं? आधी जेवा."

पहिल्या बाकावर बसणारी बाई असं म्हणाल्यावर काकांना पुढे बोलता येईना. खालायीचा हात पर्समध्ये तसाच राहिला. मला वाटलं, चला, सुटलो. पण तिच्याकडे पाहिलं तर ती रडवेली झाली होती. तिने पर्स बंद केली, उठली आणि सरळ झोपडीत गेली. मी हात धुण्याचं निमित्त करून मागोमाग गेलो. पातेल्याकडेही एक नजर टाकायची होती.

"आई," खालायी म्हणाली, "तू खोटं बोललीस आत्ता. तुला माहीत नाही, पण खोटं बोललीस. माझं कर्ज फिटलंय."

आई मक्याच्या पिठाची घट्ट उगाली घोटत होती. ती थांबली नाही. "जानेवारीत फिटलं. मला मेसेज आला."

"तुला?"

"मग कुणाला येणार? जामीन कोण आहे? 'आपण जामीन असलेलं कर्ज पूर्ण फिटलं, आपण मोकळ्या आहात.' मी तो मेसेज अजून पुसलेला नाही." तिने पळी काठावर आपटली. "सर, आत यायचं तर या, दारात उभे राहून उजेड अडवू नका."

मी उंबऱ्यावर बसलो.

"मला वाटलं," खालायी म्हणाली, "तुला सांगितलं तर तुला काकांशी खोटं बोलावं लागेल."

"ते मी बोललेच. देवाशी माझं मी बघेन. पण पोरी, तू काकांना पळवून लावायला बोर्डाचं नाव घ्यायचीस ना, ते मीही ऐकायचे. तुला ती गंमत होती. मी मात्र इतकी वर्षं रस्त्यावर गाडी थांबली की गोठ्याकडे बघायचे. तुझी नोकरी लागायच्या आधी बोर्डाची दोन पत्रं आली होती, माझ्या नावावर. तुला सांगितली नाहीत. त्या गायीचं दूध काढताना मला वाटायचं, ही आपली नाही, सांभाळायला दिलीय." आवाज चढलेला नव्हता. "मोकळी झालीस तशी मीही मोकळी झाले. तू येशील, सांगशील, दोघी मिळून आनंद करू, म्हणून मी वाट बघत होते. ईस्टरला आलीस, नाही बोललीस. जूनमध्ये आलीस, साबण देऊन गेलीस."

खालायी तिच्या पायाशी खाली बसली आणि रडली. मी खिशातला तो पतपेढीचा अर्ज हाताने आणखी खोल दाबला. मोटरसायकलशिवाय माणूस मरत नाही.

"पुरे आता," आई म्हणाली. "धुराने डोळ्यांत पाणी आलं म्हणून सांग, आणि ताटं घे."

बाहेर ताटं मांडली. खालायी बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "काका, ते आईने मला वाचवण्यासाठी म्हटलं. माझं कापणं बंद झालंय. कर्ज फिटलं. पण गाय मी देणार नाही, मला जागा घ्यायचीय. सितुमाला एक बकरी देते, माझ्या आनंदाने."

काकांनी तोंड उघडलं, पण सितुमाच आधी बोलला. "बकरी चालेल, ताई. दुसरी कुणी तेवढीही देत नाहीये." लोक पुन्हा हसले, आणि काकांना तोंड मिटावं लागलं. निदान पोटा तरी आपला, अशा चेहऱ्याने त्यांनी ताट पुढे केलं. मीही माझं ताट जरासं पुढे सरकवलं.

आईने पातेल्यात पळी घातली, पोटा शोधून वर काढला आणि स्वतःच्या ताटात ठेवला.

एक म्हातारी आत्या हळूच म्हणाली, "अगं, चुकून तुझ्या ताटात पडला."

"चुकून नाही. चीफसमोर सही करायला आपल्या घरातला कर्ता पुरुष पाहिजे होता. तो मिळाला नाही, म्हणून मी गेले. त्या दिवशीचा राहिलाय हा."

काका ताटातल्या उगालीकडे बघत राहिले. आईने पोटा तोंडात टाकला आणि चावू लागली. ती बराच वेळ चावत होती. आम्हीही आपापले तुकडे चावत होतो, कारण कोंबडा भलताच चिवट होता. माझ्या तर जबड्याला रग लागली. मी खालायीला कानात म्हटलं, "तुमच्या आईच्या हाताची कीर्ती ऐकून होतो मी."

आईने ऐकलं. तिने घास गिळला, वर पाणी घेतलं आणि लेकीकडे पाहिलं.

"मेसेज आला त्याच दिवशी हा कोंबडा बाजूला काढला होता, तू सांगायला येशील तेव्हासाठी. तेव्हा चांगला कोवळा होता."