जिन्यातली खुर्ची

सरकारी कायदा खात्यात मसुदे लिहिणाऱ्या एका बाईंना ऑफिसात सगळे कलमबाई म्हणत. घरी नवराही चिडवायचं असलं की याच नावाने हाक मारी.

कलमबाईंची एक पद्धत होती. लिहिलेलं प्रत्येक कलम त्या आधी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवत. सासूबाई मटार सोलत ऐकत. वाक्य फार गुंतागुंतीचं झालं की त्यांचा डोळा लागे, मटार मांडीवरून घरंगळत, आणि कलमबाई निमूटपणे ते वाक्य नव्याने लिहायला बसत. खात्यातल्या भल्याभल्या तज्ज्ञांपेक्षा त्यांचा या झोपेवर जास्त विश्वास होता.

यंदा इमारतींमधल्या सामायिक जागांचा जुना कायदा तपासून नवा करायचं काम आलं होतं. लोकांच्या तक्रारी वाचून कलमबाईंच्या नाकी नऊ आले. कोणी जिन्यात मोडकं कपाट ठेवलेलं, कोणी सायकली, कोणी चपलांचा डोंगर रचलेला. शेवटी त्यांनी एका फटक्यात सगळ्यांचा निकाल लावला: सामायिक जागेत कोणत्याही रहिवाशाने कोणतीही खासगी वस्तू ठेवू नये. बस्स, एक ओळ! बाई स्वतःवर बेहद्द खूश झाल्या.

संध्याकाळी वाचून दाखवलं, तर सासूबाई टक्क जाग्या.

"कळलं ना, आई?"

"कळलं की. अगदी स्वच्छ आहे," सासूबाई म्हणाल्या आणि मटार सोलत राहिल्या.

नंतर आठवडाभर कलमबाई कामात इतक्या बुडाल्या होत्या, की घरात काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जिन्यात गाठलं तेव्हा कुठे त्या भानावर आल्या.

"आजींना बरं नाही का? त्या दिसत नाहीत, तर जिना अगदी सुना वाटतो."

कलमबाईंनी वळून पाहिलं. दाराबाहेर, खिडकीपाशी असलेली वेताची खुर्ची जागेवर नव्हती. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरत नसत, पण रोज दुपारी त्या खुर्चीत बसत आणि सगळी इमारत त्यांच्यापुढून जाई. वरच्या मजल्यावरचे गाण्याचे मास्तर किल्ली त्यांच्याकडेच ठेवत. डॉक्टरीणबाई दिवसभराचा वैताग त्यांच्यापुढे ओतून हलक्या होऊन घरी जात. बाहेरचं जग म्हणून सासूबाईंकडे जे काही उरलं होतं, ते एवढंच.

खुर्ची सापडली आतल्या खोलीत, कपाटाआड, भिंतीकडे तोंड करून.

"आई, ही आत कशाला आणलीत?"

"अगं, तूच लिहिलंस ना? उद्या कोणी म्हणालं, कायदा लिहिणारीच्याच दारात खुर्ची, तर तुझी मान खाली जायची."

"पण तो नुसता मसुदा आहे! कायदा झालाय कुठे अजून?"

"तू लिहिलंयस म्हणजे होणारच," सासूबाई अगदी सहज म्हणाल्या. आठवडाभर ही बाई बंद दाराआड बसून होती आणि तिने ब्र काढला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी समितीची बैठक होती. कलम मंजूर झालं, की ती खुर्ची कायमची आत. पण घरच्या माणसासाठी कायदा वाकवायचा, हेही कलमबाईंना पटेना. सकाळी त्या थेट साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, हे कलम बदलावं असं मला वाटतं. पण यात माझा स्वार्थ आहे, तेव्हा निर्णय तुम्ही घ्या," म्हणून त्यांनी सगळी हकिगत सांगितली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, इतकी वर्षं आपण कायदे करतोय. मसुदा आधी पाळून बघणारं माणूस मला आज पहिल्यांदा भेटलं. मांडा बैठकीत."

बैठकीत अग्निशमन अधिकारी अडून बसले. आग लागली तर माणसं खुर्चीला अडखळतील, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. दुपारपर्यंत घासाघीस झाली. कपाटं, सायकली, चपलांचे डोंगर यांना बंदी कायम राहिली. पण ये-जा करायची वाट पूर्ण मोकळी राहत असेल आणि त्या मजल्यावरचे सगळे राजी असतील, तर बसायला आसन ठेवता येईल, एवढी भर पडली. कलम तीन ओळींचं झालं आणि पूर्वीइतकं देखणं राहिलं नाही. कलमबाईंना त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

त्या घाईघाईने घरी आल्या, चपला न काढताच कागद उघडला आणि वाचायला लागल्या. शेवटच्या शब्दावर मान वर केली, तर समोर मटारांची परात तेवढी होती. सासूबाई एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढत दारापर्यंत पोचल्यासुद्धा होत्या.

"अहो आई, थांबा! अजून कायदा मंजूर व्हायचाय!"

"मग? मागचा तरी कुठे झाला होता?" सासूबाई म्हणाल्या, "उगाच उभी राहू नकोस, दुसऱ्या बाजूने धर."