तांब्याची नळी

पोरीने मोटरसायकलला नवा सायलेन्सर बसवला, हवेचा फिल्टरही मोठा, मोकळा घातला, आणि गाडी रुसून बसली. आवाज वाघाचा, पण मूठ पिळली की गचके, आणि इंजिन तव्यासारखं तापलेलं.

"हवा वाढवलीस आणि पेट्रोल तेवढंच. उपाशी ठेवलीस की तिला," हे म्हणाले. ह्यांचा चेहरा मात्र खुलला होता. लेक बापाच्या गॅरेजात काम घेऊन आली होती ना.

आता गाडीतल्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवायचं होतं. कुठल्या वेगाला किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी किती आधी टाकायची. त्यासाठी गाडी पट्ट्यांनी जागेवर आवळून तिचं मागचं चाक रोलरवर पळवतात. लॅपटॉपवर ताकदीचा आकडा दिसतो. पण लॅपटॉपला एक गोष्ट नीट कळत नाही, आणि तिच्यासाठी लोक लांबून ह्यांच्याकडे येतात. ठिणगी फार आधी पडली की पेट्रोल अवेळी भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. आवाज बारीक असतो, डब्यात वाटाणे हलवावेत तसा. तो ऐकायला हे इंजिनाला तांब्याची नळी आवळतात, तिला रबरी नळी जोडतात आणि तिचं टोक जुन्या हेडफोनमध्ये खोचून कानावर चढवतात. तो वाटाणा चुकला तर पिस्टन वितळतो, इंजिन धावता धावता अडकून बसतं आणि मागचं चाक जाम होतं. दोन दिवसांवर पोरीची चढणीची शर्यत आली होती. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी.

मी पलीकडच्या खोलीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. मधे नुसती प्लायची भिंत. पेट्रोलचं काम सकाळीच उरकलं होतं, गचके गेले होते. आता ताकद वाढावी म्हणून ठिणगी थोडी थोडी पुढे, म्हणजे आणखी आधी, घेणं चाललं होतं. पोरगी गाडीवर, कानात बोळे घालून. तिने मूठ पिळली, गाडी किंचाळत वर गेली, आणि त्या किंचाळीच्या आत मला काहीतरी बारीक खडखडल्यासारखं ऐकू आलं. माझा मशीनवरचा पाय थांबला.

"स्वच्छ आहे," ह्यांचा आवाज आला. "अजून थोडी घेऊ पुढे."

"बाबा, कसली ओढतेय! आकडा बघा!"

मी दारात जाऊन उभी राहिले. "अहो, काहीतरी वाजतंय."

"तुझं मशीन वाजत असेल. तेल घाल त्याला."

पोरगी हसली. मीही हसले, कारण मला तेच खरं असायला हवं होतं.

तेवढ्यात टेबलावरचा लॅपटॉप टीं टीं करायला लागला. बॅटरी उतरली होती. हे त्याच्या शेजारीच उभे, हेडफोन गळ्यात, स्क्रू आवळण्यात गुंग. टीं टीं. टीं टीं. पोरीने कानातले बोळे काढले. "बाबा, तो ओरडतोय केव्हाचा."

"हो हो, ऐकलं," म्हणून ह्यांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि मग लॅपटॉपकडे.

मला घर आठवलं. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या आणि हे शेजारी पेपर वाचत बसायचे. मी म्हणायची, ऐकायचं नाही म्हणून ऐकत नाहीत. नवरे करतातच तसं. इंजिनाचा घुमणारा, जाड आवाज ह्यांना अजून दुसऱ्या गल्लीतून ओळखू यायचा, मग कानाची शंका कुणाला येणार?

लेकीसमोर बोलू की नको? माणसाने जन्मभर ज्याच्यावर मान ताठ ठेवली, ते त्याच्याच पोरीसमोर काढून घ्यायचं? मी पदर चाळवत उभी राहिले. तोवर हेडफोन ह्यांच्या कानावर चढला आणि पोरीने बोळे पुन्हा घातले. मूठ पिळली. खडखड आता दारातूनही ऐकू येत होती, आणि ह्यांचा चेहरा देवळातल्यासारखा शांत होता.

मी पुढे झाले आणि हँडलवरचं, इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं.

"आई! मधेच काय गं!"

"डोकं फिरलंय का तुझं?" हे ओरडले.

"फिरलंय. तुम्ही बसा गाडीवर, ती ऐकेल." मी ह्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढला आणि पोरीच्या हातात दिला. हे माझ्याकडे बघत राहिले. मग गाडीवर बसले.

गाडी वर गेली. पोरीने दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला होता. मग तिचे डोळे मोठे झाले आणि तिने हात वर केला. ह्यांनी मूठ सोडली.

"बाबा, हे... हे तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"कुठे वाजलं?" ह्यांनी विचारलं.

रोलर फिरत फिरत थांबला. ह्यांनी रुमालाने हात पुसले, आधीच स्वच्छ होते तरी पुसले, आणि खाली उतरून लॅपटॉपशी गेले.

"ठिणगी मागे घेतो. वाजलं की हात वर कर. लाजू नकोस."

त्यानंतर तेच चाललं. हे गाडीवर बसायचे, मूठ पिळायचे आणि समोरच्या आकड्याकडे न बघता पोरीच्या हाताकडे बघायचे. हात वर गेला की उतरायचे, बदलायचे, पुन्हा चढायचे. गुडघा धरून चढायचे. शेवटी एका खेपेला हात वर गेलाच नाही.

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"नक्की ना?" उभ्या संसारात ह्यांनी गाडीबद्दल कुणाला दोनदा विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मलाही काही ऐकू येत नाही," मी म्हणाले.

हे मान हलवत लॅपटॉपवर वाकले आणि ठिणगी अजून थोडी मागे घेतली. गरज नसताना. पुन्हा गाडी पळवली तेव्हा आकडा बराच खाली आला होता. एवढ्या ताकदीवर पहिल्या पाचांत येणं कठीण, हे पोरीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिने आकडा पाहिला, बापाकडे पाहिलं आणि गाडीचे पट्टे सोडायला खाली बसली.