पुढच्या बाकावर बसली सून

माझ्या लेकाला एक वाईट खोड आहे. अडचण आली की त्याची कंबर धरते. शाळेत पोट दुखायचं, आता कंबर. पण परवा सगळ्यांदेखत धरली, तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

हा पाळणे बनवतो. पोरांचे नव्हेत, करमणुकीच्या बागेतले. रुळावरून गाडी आभाळात चढवायची, कड्यावर ओणवी टांगून ठेवायची आणि मग विहिरीत पोहरा सोडावा तशी सरळ खाली सोडायची. माणसं हौसेनं किंचाळायला जातात, कौतुकच आहे. पण आखणी माझ्या लेकाची, म्हणून मी दारोदार सांगत सुटले. त्यांच्या धंद्यात रीत आहे : पाणी भरलेली रबरी माणसं बसवून चाचण्या झाल्या की पहिल्या जिवंत फेरीला, पुढच्या बाकावर, आखणारा स्वतः बसतो. ते बघायला मी विहीणबाईंनाही ओढून नेलं. म्हटलं, "बघा आता माझा वाघ!"

वाघानं कंबर धरली. "उसण भरलीय, आई."

फिटर आधीच बसून पट्टा ओढत होता. "या की साहेब, वरून येईस्तोवर मोकळी होईल!"

उद्घाटनाला जमलेले पाहुणे हसले. बागेचे मालक हसले नाहीत. तेव्हा सुनेनं पर्स माझ्या हातात दिली. "घरातलं कुणीतरी बसायला हवं ना," म्हणाली आणि जाऊन बसली. लेकानं तोंड उघडलं, मग मिटलं. मला वाटलं, चला, घराची लाज राहिली.

गाडी साखळीवरून खडखडत चढली, कड्यावर ओणवली, थांबली. सुनेचे केस तेवढे लोंबताना दिसत होते. मी लेकाकडे पाहिलं. कंबर विसरून तो कठड्यावर वाकला होता. ओठ पांढरे. "धर," पुटपुटत होता, "अजून धर."

गाडी सुटली, सरळ कोसळली आणि खाली झोकात वळून आली. टाळ्या पडल्या. सून लटपटत, हसत उतरली.

मी लेकाला बाहीला धरून यंत्राच्या खोलीमागे नेलं. "कुणाला धर म्हणत होतास?"

"कड्यावर गाडी धरणाऱ्या ब्रेकला." मग हळूच, "चाचणीत एकदा वेळेआधी सुटला होता. मागची चाकं साखळीतच होती, गाडी रुळावरून उडता उडता राहिली. नंतर प्रत्येक वेळी नीट धरला, आई. पण का सुटला ते सापडलं नाही. आणि उद्घाटन तर ठरलेलं."

"मालकांना सांगितलंस?"

त्याचा हात कंबरेवर गेला.

"बायकोला?"

मान खाली. त्याची खाली, माझीही.

बाहेर पाहुण्यांची रांग लागली होती. सगळ्यांत पुढे विहीणबाई, चष्मा काढून तयार. मला त्यांच्या डोळ्याला डोळा देववेना. ज्या तोंडानं वाघ म्हटलं, ते कुठे लपवू? तरी जाऊन फाटकाला पाठ लावून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं लेकाला म्हणाले,

"नुसता भित्रा असतास, तर पोटाशी धरलं असतं तुला. पण जिथं तू बसायला धजला नाहीस, तिथं बायको बसली आणि तू तोंड मिटलंस. हे भित्रेपण नव्हे, हा हलकटपणा आहे. आता ब्रेकचं काय झालं ते या सगळ्यांना तुझ्या तोंडानं सांग. तोवर मी इथून हलत नाही, आणि तोवर मला आई म्हणायचं नाही."