फ्रेंडविषयी दहा ओळी

कन्हेरीच्या हिंदुरावांना घरात मान होता तो अर्थ सांगण्यापुरता. कसलंही इंग्रजी पत्र आलं की सुना, शेजारी, सगळे त्यांच्याकडे यायचे. "तात्या, ह्यात काय म्हटलंय?" मग तात्या चष्मा पुसायचे, जाडजूड कोश मांडीवर घ्यायचे आणि माहीत असलेला अर्थसुद्धा एकदा पाहून घ्यायचे. चुकलो तर काय, ही धास्ती त्यांना जन्मभर होती.

म्हणून बासष्टाव्या वर्षी त्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, गावातल्या बायकांच्या इंग्रजी वर्गात नाव घातलं, तेव्हा त्यांना चटका बसला.

"घरात मी असताना?"

"तुमी शिकवत न्हाय. तुमी तपासता," बाई म्हणाल्या आणि वही घेऊन गेल्या.

एका दुपारी मात्र त्याच कोशाजवळ येऊन उभ्या राहिल्या. वर्ग घेणाऱ्या नसरीनने घरचा अभ्यास दिला होता : फ्रेंड या विषयावर दहा ओळी.

"फ्रेंड म्हंजे नेमकं कोण धरायचं? सगळे कुनालाबी फ्रेंड म्हनत्यात."

हिंदुराव खुलले. पान काढून त्यांनी सावकाश सांगितलं, "फ्रेंड म्हणजे ज्याच्याशी आपला जिव्हाळा असतो, पण जो नात्यातला नसतो. भाऊ फ्रेंड नव्हे, जाऊ फ्रेंड नव्हे. नातं आपल्या वाट्याला येतं, फ्रेंड आपण निवडतो. ध्यानात आलं?"

"आलं की," बाई म्हणाल्या आणि खाली मान घालून भराभरा लिहायला लागल्या. एवढ्या भराभरा, की हिंदुरावांना ते आवडलं नाही.

बाई दळण आणायला गेल्या तशी त्यांनी वही उघडली. इंग्रजी अक्षर वाकडं होतं, पण ओळी दहाच्या दहा होत्या. माझ्या फ्रेंडचं नाव लैला. लैलाचं इंदापुरात बांगड्यांचं दुकान आहे. आम्ही दोघी कळसच्या, शाळेत एका बाकावर बसायचो. लैला मला हसवते. लैलाला माझं सगळं माहीत आहे.

शेवटची ओळ त्यांनी तीनदा वाचली. सगळं म्हणजे काय? एक्केचाळीस वर्षं संसार त्यांच्याबरोबर, आणि सगळं माहीत त्या बांगडीवालीला! चुका शोधाव्यात म्हणून पेन्सिल घेतली, तर एकही सापडेना. त्याचा तर जास्तच राग आला.

बाई महिन्यातून एकदा इंदापूरला भावाकडे जायच्या. या खेपेला हिंदुराव धोतर बदलून तयार.

"तुमी कशाला?"

"सहज. मेव्हण्यांना भेटून बरेच दिवस झाले."

बारामतीहून एसटी धरली. इंदापुरात उतरल्यावर बाई भावाच्या घराकडं न वळता सरळ बाजारात शिरल्या. दुकान कसलं, दोन माणसांच्या रुंदीची टपरीच ती. आतून हाक आली, "आली गं माझी विजी! आणि आज दाजींची वरात पण?"

"मागं लागून आलेत."

"मग बसू दे की बिचाऱ्याला. दाजी, त्या खोक्यावर टेका. पडलात तर आमची जबाबदारी न्हाय."

दोघी हसल्या. हिंदुराव खोक्यावर अवघडून बसले. घरात बाई अशा हसल्याचं त्यांना आठवेना.

लैलाने बाईंचा हात पुढे ओढून घेतला. बोटं जुळवून, अंगठा तळव्यात दाबून ती पंजा लहान करत होती. बांगडी हाडावरून सरकताना दुखतं, म्हणून बोलत राहायची तिची रीत.

"ढिला सोड. ढिला सोड म्हनते ना, माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?"

आणि बाईंनी खरंच हात सोडून दिला, डोळेही मिटले. हिंदुरावांनी मान फिरवून रस्त्याकडं पाहिलं. पण पुन्हा तिकडंच पाहिलं.

"मागलं माप बसंना गं," लैला एकदम गंभीर झाली. "सूज हाय. गुडघ्याचं काय? रात्रीची अजून उठून बसतीस का?"

"बसते. आता सवय झालीय."

"दाजींना सांगितलंस?"

बाईंनी हात मागं घेतला. लैलाने एकदा खोक्यावरच्या हिंदुरावांकडं पाहिलं आणि मोठ्या मापाचा डबा काढला.

परतीच्या एसटीत अर्धी वाट सरली. मग हिंदुरावांच्या मनातलं बाहेर पडलं.

"दहा ओळीत एक तरी माझी असायला काय झालं होतं?"

"वही वाचलीत व्हय?" बाई रागावल्या नाहीत. "तुमीच सांगितलंत की, नात्यातला नसावा. मी म्हटलं, ह्यांनी पान बघून सांगितलंय म्हंजे बरोबरच असंल."

कोशात तसं लिहिलेलं होतंच, चूक नव्हती. तरी हिंदुरावांना वाटलं, त्या दुपारी आपण आपल्याच हातानं आपलं नाव खोडलं.

"तिच्याशी एवढं बोलतेस काय?"

"ती इचारती. मी सांगते."

आपणही विचारावं म्हटलं, तर विचारायचं कसं हेच त्यांना उमगेना. जन्मभर लोकांनी त्यांना विचारलं होतं. मग खिडकीकडं तोंड करून ते म्हणाले, "गुडघा... कधीपासनं?"

बाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"सांगते. पर मधी अर्थ सांगायचा न्हाय."

त्या सांगू लागल्या. दोन वर्षांमागचा दिवाळीचा आठवडा, जिन्यावरचं घसरणं, मग ते रात्रीचं उठून बसणं. हिंदुरावांनी खिडकीकडचं तोंड बाईंकडं वळवलं. पण सांगताना बाई कुठंच अडखळत नव्हत्या, पुढचं वाक्य शोधत नव्हत्या. हे सारं आधी कुणाला तरी सांगून झालेलं होतं. तो काटा आत टोचतच होता, आणि तो तसाच ठेवून ते बारामतीच्या स्टँडपर्यंत ऐकत राहिले.