पुतळाने उघडलेला दगड

मी एका बेडकाचा ठसा बोलतोय. तो कधीच गेला. त्याची जागा दगडात राहिली, ती मी.

एकोणऐंशी साली नेरूळच्या डोंगराजवळच्या खाणीत पुतळा खडी फोडत होती. माझ्या कडेची बारीक रेघ तिला दिसली. पुतळा सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली. बोंबील चिरावा तितक्या अलगद तिने छिन्नी घातली. धाकटा भाऊ किसन घाई करत होता.

"हलू रं," ती म्हणाली. "निजलाय तो."

दोन शकलं झाली. एकात बोटभर हाडं, दुसऱ्यात मी. बायका हसल्या, "नवरा गवसला का गो दगडात?"

"हा तरी गप बसतो," पुतळा म्हणाली.

कॉलेजचे साहेब आले. हाडं घेऊन गेले, मला टाकून गेले. पुतळाने मला पदरात घरी आणलं, चुलीजवळच्या फळीवर ठेवलं. येता-जाता ती माझ्या खळग्यातून बोट फिरवायची.

चार वर्षांनी सुरुंगाचा दगड उडून तिच्या डोक्यात बसला. ती गेली. मीही खाणीचाच दगड, म्हणून किसनने मला आपटायला उचललं. खळग्यात तिच्या बोटाची हळद होती. त्याचा हात तसाच राहिला.

मग तो मला घेऊन कॉलेजात गेला. हाडांच्या चिठ्ठीवर, शोधणारा म्हणून, साहेबांचं नाव होतं. दगडातले जीव सुईने मोकळे करणाऱ्या चारुलताबाईंनी मला हाडांवर ठेवलं. केसाएवढीही फट राहिली नाही.

"आता लिवा माझ्या बहिनीचं नाव."

"लिहिते. पण हा इथेच ठेवावा लागेल. हा पुरावा नसेल तर उद्या कुणीही खोडेल." बाईंनी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. "हा बेडूक साफ करायला मला आठ महिने लागले. माझं नाव दिसलं का कुठे?"

किसन मला छातीशी धरून दारापर्यंत पळाला. तिथे उभा राहिला. परत आला.

"धुऊ नका याला," तो म्हणाला. "आनि खाली तुमचंबी नाव लिवा."

आता मी लाकडी खणात आहे. चिठ्ठीवर पुतळा आहे, खाली चारुलता. किसन परत आला नाही. कधी कधी खण बंद असताना माझ्या खळग्यातून एक बोट फिरतं.

कोट्यवधी वर्षं मी बेडकाची जागा राखली. आता तिची राखतोय. खण उघडाल तेव्हा हळू उघडा.

निजलीय ती.